भरलेली उजनी कोणाची, ओसरलेली कोणाची?

पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवणच्या आसपास डाव्या हाताला पाणी दिसू लागतं. हे भीमेचं अडवलेलं पाणी, उजनीचं बॅकवॉटर. धरणाची अडीच किलोमीटर लांब, ४१ दरवाजांची भिंत इथून बरीच खाली, माढा तालुक्यात भीमानगरजवळ आहे. १९६९ मध्ये काम सुरू झालं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. जलाशयाचं कागदावरचं नाव यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या १०५ आणि जायकवाडीच्या १०२ टीएमसीपेक्षाही जास्त.

या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातला ऊस उभा राहिला, सोलापूर शहराची तहान भागली, आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांच्या स्नानापुरतं पाणी खेळू लागलं. याच पाण्याखाली इंदापूर, करमाळा, माढा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावं आणि नदीकाठची काळी रानं गेली. आणि याच पाण्यावर आता दर हिवाळ्यात पक्षी बघायला, बोटीत बसायला, चमचमीत मासे खायला गर्दी होते.

उजनीकाठी कुठल्याही ओट्यावर बसा, या तिन्ही गोष्टी एका दमात ऐकू येतात आणि त्यांच्यावरून वादही होतो. तो वाद मी इथं दोन आवाजांत मांडतो आहे. एक मामा: बुडालेल्या गावात जन्मलेले, नव्या गावठाणात शिक्षकी करून निवृत्त झालेले, आता शेती बघणारे. दुसरी त्यांची भाची: काठावर पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय करणारी, घरच्या बोटींतून पक्षी दाखवायला नेणारी. ही दोघं म्हणजे कोणी एक मामा, एक भाची नव्हेत. काठावरचं विखुरलेलं बोलणं त्यांच्या तोंडी एकत्र आणलं आहे.

मामा : तुझ्या बोटी काठालाच बांधलेल्या दिसल्या. पाहुणे नाहीत का यंदा?

भाची : फोन येतात ना. पहिला प्रश्न, "फ्लेमिंगो आले का?" अजून नाही म्हटलं की लगेच "बरं, नंतर कळवतो." पावसाळ्यात उजनी शंभर टक्क्यांच्या वर गेली आणि अजून पाणी हललेलं नाही. पाणी मागं सरून गाळ उघडा पडल्याशिवाय पक्षी उतरत नाहीत, मामा. रोहित पक्षी, म्हणजे हाच फ्लेमिंगो, जेवतो कसा, माहितीये? पायापुरत्या पाण्यात उभा राहतो, लांब मान खाली सोडतो आणि चोच उलटी करून पाण्यात धरतो. मग पाणी आणि चिखल आत ओढून बाहेर टाकत राहतो, आतले बारीक जीव तेवढे चोचीत अडकतात. एवढ्या खोल पाण्यात त्यानं करायचं काय?

मामा : आणि आम्ही तेच पाणी तसंच राहावं म्हणून देवाला हात जोडतो. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळची पहिली चौकशी ठरलेली असते, दौंडचा विसर्ग किती? इंदापूर, करमाळ्याच्या आभाळाकडं बघून उजनी भरत नाही. पाऊस मावळात, मुळशीत, भीमाशंकरच्या डोंगरात पडायचा, वरची धरणं भरायची, त्यांचे दरवाजे उघडायचे, मग ते पाणी दौंडवरून आमच्याकडं यायचं. उजनी भरली की सोलापूरपर्यंत माणसं पेढे वाटतात. आणि तू म्हणतेस पाणी हलत नाही!

भाची : म्हणजे तुमचा आनंद तो माझा तोटा.

मामा : आणि माझा तोटा ती तुझी कमाई. २०२४ चा उन्हाळा आठव. उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. आमच्या मोटारी चिखलात बसल्या होत्या आणि तुझ्याकडं उभं राहायला जागा नव्हती.

भाची : त्या उणे टक्क्यांचंच पाहुण्यांना कोडं पडतं. म्हणतात, एवढं पाणी दिसतंय, मग उणे कसं?

मामा : मग नीट सांगत जा त्यांना. ११७ टीएमसीतलं जवळजवळ ६४ टीएमसी पाणी मृत साठ्यात धरलंय. हिशेब त्याच्या वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीचा चालतो. ते संपलं की शून्य, त्याच्याखाली गेलं की उणे. आणि हे वरचं पाणी किती उंचीत आहे? तळातली पातळी ४९१ मीटर, भरल्यावरची ४९७ च्या जरा आत. म्हणजे सहा मीटरसुद्धा नाही! कोयना डोंगरांच्या मध्ये खोल उभी आहे. आपली उजनी परातीसारखी पसरट. पाणी हातभर खाली गेलं तरी काठ कुठल्या कुठं सरकतो.

भाची : म्हणून तर इथं पक्षी येतात! कोयनेच्या उभ्या काठावर रोहित उतरणार कुठं? पाणी ओसरत जातं तसतशा नव्या चिखलपट्ट्या उघड्या पडतात. कच्छच्या रणातून रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कुरव, सुरय येतात. इथून जवळच्या भादलवाडीच्या तळ्यात बाभळींवर चित्रबलाकांची वीण होते, त्यांची पोटंही या परिसरातल्या पाण्यावरच भरतात. धरण बांधताना हे कोणाच्या आराखड्यात नव्हतं, पण झालं. आणि मामा, पाणी ओसरल्यावर तुम्हीसुद्धा गाळपेर करताच की. उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, मका पेरायला तुम्हीही उभे असता.

मामा : पेरतो. बुडालेल्या जमिनीतला गाळ आहे तो, आमच्याच बापजाद्यांच्या रानाचा. पण गाळपेर वरकड झाली. वर उभा असलेला ऊस, केळी यांना पाणी मोटारीनं न्यावं लागतं. पाणी मागं सरलं की मोटार पुढं न्यायची, केबलला केबल जोडायची, पाइप वाढवायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर चिखलात चर खणायचा आणि पाणी मोटारीपर्यंत ओढून आणायचं. रात्रीची वीज असली तर हे सगळं बॅटरीच्या उजेडात. त्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेला माणूस बाहेर काढताना मी पाहिलाय. तुझे पाहुणे त्याच चराच्या पलीकडं उभे राहून दुर्बीण लावतात. त्यांना पक्षी दिसतो, चर दिसत नाही.

भाची : चर दाखवायला माणूस नको का? कोणी दाखवलंच नाही, तर त्यांना दिसणार कसं?

मामा : आणि पळसदेवला काय दाखवलं ग त्यांना?

भाची : पळसनाथाचं देऊळ म्हणता?

मामा : होय. पाणी फार खाली गेलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. दगडी खांब, विटांचं शिखर, आजूबाजूला वीरगळ. पिंड गाव उठलं तेव्हाच नव्या गावात नेली, देऊळ पाण्यात राहिलं. इतकी वर्षं लाटा खाऊन ते उभं आहे. २०२४ मध्ये ते पूर्ण वर आलं आणि जत्रा लोटली. ड्रोन काय, नवरा-नवरीचे फोटो काय! कोणी चपला घालून गाभाऱ्यात, कोणी वीरगळाच्या दगडावर बसून वडापाव खातोय. पोरी, ते देऊळ वर येतं तेव्हा टँकर चालू असतात, जनावरं विकायला निघालेली असतात. दुष्काळ पडल्याशिवाय ज्याचं दर्शन होत नाही, ते बघायला माणसं हसतखेळत येतात. हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

भाची : चपलांचं आणि वीरगळाचं तुमचं म्हणणं मान्य. पण माणसं आली हे वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. त्या उन्हाळ्याच्या आधी माझ्या मुलीला पळसदेव म्हणजे हायवेवरचं गाव एवढंच माहीत होतं. देऊळ पाहिल्यावर तिनं विचारलं, "आई, आपलं गाव पण असंच खाली आहे का?" तुम्ही घरात कधी बोलला नाहीत, मामा. आईही बोलली नाही. आमच्या पिढीला तुमचं गाव त्या गर्दीमुळं कळलं.

मामा : बोलायचं काय त्यात? बाकं आणि घंटा बैलगाडीत घालून शाळा नेली, हे सांगायचं? माणसांनी आपली घरं आपल्या हातांनी उतरवली. तुळया, चौकटी, दारं, खिडक्या, जेवढं लाकूड निघेल तेवढं काढलं, कारण नव्या जागी नवं घर तेवढ्या पैशात उभं राहणार नव्हतं. माती तेवढी मागं राहिली. दोघा भावांची रानं एकाच बांधाला होती. एकाला लाभक्षेत्रात जमीन मिळाली, तो तिकडं खाली गेला, दुसरा काठावरच्या गावठाणात राहिला. एका बांधावरचं कुटुंब लग्नाकार्यापुरतं एकत्र येऊ लागलं. पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये, तोवर धरणाचं काम कितीतरी पुढं गेलं होतं. आधी पाणी आलं, मागून कायदा. हे आठवलं की माझं डोकं तापतं, म्हणून बोलत नाही.

भाची : पण याच पाण्यानं काठावरच्या माणसाला दिलंही ना? कंदरची केळी परदेशात जातात, ती याच पाण्यावर. काठाच्या गावांतले बंगले याच उसावर उठले.

मामा : ज्यांची वरची जमीन बुडाली नाही आणि ज्यांच्याकडं मोटार बसवायला पैसा होता, त्यांना दिलं. माझ्या घरालाही दिलं, मी नाकारत नाही. पण गावात फक्त जमीनवाले नव्हते. बलुतेदार होते, मजूर होते, नदीच्या वाळूत कलिंगडं लावणारे होते. त्यांचं ज्याच्यावर चालायचं ते वाळवंट बुडालं. त्याचा मोबदला कोणी कोणाला द्यायचा?

भाची : मग भोई समाजाकडं बघा. तुम्हाला जे बुडालेलं रान आहे, तेच त्यांचं पिकतं रान आहे. पहाटे जाळी काढायची, चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम जे लागेल ते घेऊन भिगवणच्या बाजारात लिलावाला हजर व्हायचं. त्या माशांवर हायवेची हॉटेलं चालतात. या लोकांना सातबारा नव्हता, पाणी हीच त्यांची जमीन. आणि पक्षी बघायला येणारा माणूस बोटीला पैसे देतो तेव्हा तो पैसा थेट याच घरांत जातो. माझ्याकडं बोट वल्हवणारी पोरं मासेमारांचीच आहेत. पक्ष्यांच्या जवळ गेलं की इंजिन बंद करायचं आणि बांबूनं बोट पुढं रेटायची, हे त्यांना शिकवावं लागत नाही. पाणी कुठं छातीभर, कुठं गुडघाभर, बाभळीचं खोड कुठं आहे, सगळं त्यांच्या बांबूला ठाऊक.

मामा : त्याच पोरांचे भाऊबंद वडाप लावतात ना? बारीक आसाचं जाळं ओढून बोटभर पिलंही उचलायची. मग मोठा मासा येणार कुठून?

भाची : वडापवाल्यांशी आमचंच भांडण आहे. पिलं गेली तर उद्या मासेमारही उपाशी आणि पक्षीही उपाशी. वडाप बंद करा आणि मत्स्यबीज सोडा, ही मागणी मासेमारांनीच लावून धरली. बाहेरून माणूस बघायला आला की पाण्यावर लक्ष ठेवणारे डोळे वाढतात, माझं म्हणणं एवढंच.

मामा : डोळे वाढतात तसं ओझंही वाढतं. २१ मे २०२४ विसरलीस? कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. उजनीचं पाणी शांत दिसतं, पण वळवाचा वारा सुटला की एवढ्या उघड्या पसाऱ्यावर लाट कशी उसळते, हे शहरातून आलेल्याला कळत नाही. आणि आता म्हणतात जलपर्यटन वाढवायचं, वेगाच्या बोटी आणायच्या, पाण्यावर खेळ आणायचे.

भाची : ती बोट पर्यटनाची नव्हती, मामा. रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती.

मामा : तेच तर सांगतोय! कुगाव आणि कळाशी पूर्वी नदीच्या दोन काठांची गावं. उन्हाळ्यात पात्रातून चालत जायचं, सोयरिकी व्हायच्या, बाजार एक. धरणानं मधे कोसभर पाणी आणून ठेवलं. गाडीनं जायचं तर लांबचा वळसा. ब्रिटिशांच्या काळातला डिकसळचा रेल्वेचा पूल, धरणामुळं रेल्वे दुसरीकडून नेल्यावर त्याच्यावरून रस्ता चालला. त्या म्हाताऱ्या पुलावर इतकी वर्षं दोन जिल्ह्यांनी भार टाकला. बाकीच्यांनी बोटीत बसायचं. ही बोट म्हणजे त्यांची एसटी. पाहुण्याच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवायला तू धावतेस. कुगावच्या बाईला दवाखान्यात जाताना ते कोण देतं?

भाची : या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण म्हणून पाहुण्यांचं जॅकेट काढायचं नाही, ते कुगावच्या बाईलाही मिळालं पाहिजे. बोटीची तपासणी, किती माणसं बसवायची त्याची मर्यादा, वारा वाढला की बोट काठाला लावायची सक्ती, हे पर्यटनाच्या बोटीला आणि गावच्या बोटीला एकच हवं. आणि कुगावच्या पुलाची मागणी जुनी आहे. तो पूल तर कुठल्याही रिसॉर्टच्या आधी व्हायला हवा. वेगाच्या बोटींना माझाही विरोध आहे. एक बोट थव्यातून घुसली की हजार पक्षी उडतात, आणि उडण्यात त्यांचं खाल्लेलं जातं. हिमालय ओलांडून आलेल्या पाखराला परतीच्या प्रवासाची चरबी इथंच साठवायची असते.

मामा : आता एक अवघड गोष्ट विचारतो. तुझा पाहुणा पुण्याहून येतो. त्याच्या न्हाणीघराचं, संडासाचं, कारखान्याचं पाणी त्याच्या आधी इथं पोचलेलं असतं. मुळा-मुठा ते भीमेत आणते, भीमा उजनीत. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, वास मारतो, त्यात उतरलं तर अंगाला खाज सुटते. काठाला जलपर्णी. आणि तोच माणूस रविवारी सकाळी त्याच पाण्यावरचा गुलाबी थवा बघून म्हणतो, "किती शुद्ध निसर्ग!" त्याला तू काय सांगतेस?

भाची : आधी सांगत नव्हते. पाहुणा नाराज होईल असं वाटायचं. आता बोटीतच सांगते, की तुमच्या घरातून निघालेलं पाणी इथं येऊन थांबतं आणि याच पाण्यावर पुढं सोलापूर जगतं, वारकरी यात डुबकी घेतो. बहुतेक जण गप्प होतात. काही जण विचारतात, आम्ही काय करू शकतो? पुण्यात नदीवर बैठका होतात, तिथं उजनीचं नाव यायचं असेल तर उजनी पाहिलेला माणूस तिथं असला पाहिजे. धरणाच्या भिंतीवरून ओरडून पुण्याला ऐकू जाणार नाही, मामा. पुणं इथं येतंय तर त्याला इथंच ऐकवू या.

मामा : ऐकवून पाणी स्वच्छ झालेलं मी अजून पाहिलं नाही.

भाची : न ऐकवता झालेलं पाहिलंय का? म्हणून मला वाटतं, भिगवणच्या या पट्ट्याला काहीतरी मान्यता मिळावी. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर बघा. तेही गोदावरी अडवून झालेलं पाणी, माणसानं केलेलं. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. आपल्याला का नको?

मामा : इथं मात्र मी आडवा येणार. करमाळा आणि माढ्यानं अभयारण्य काय असतं ते भोगलंय. १९७९ मध्ये माळढोकाचं अभयारण्य झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. माणसांची शेतं, गावं, सगळं आखलेल्या रेघेच्या आत. जमिनीचा व्यवहार करायला गेलं की अडचण, विहीर-रस्त्याला अडचण. कितीतरी वर्षांनी ते क्षेत्र कमी केलं, तोवर एका पिढीचं जायचं ते गेलं. आणि माळढोक राहिला का? आता तो दिसणंही दुर्मीळ झालं. एकदा धरणासाठी उठलेल्या माणसांना पक्ष्यांसाठी दुसऱ्यांदा उठवू नका. तुझ्या मान्यतेच्या कागदात मोटार, गाळपेर आणि मासेमारी यांना हात लागणार नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलेलं असेल तर मी सही करीन.

भाची : आणि त्याच कागदात थव्यापासून अंतर, रात्रीच्या दिव्यांना बंदी आणि वडापवर कारवाई लिहिली तर?

मामा : तर दोन सह्या करीन. पण पाण्याच्या पातळीचं काय? तुला डिसेंबरात गाळ उघडा हवा. मला मेपर्यंत मोटारीला पाणी हवं. सोलापूरला पिण्याला हवं, पंढरपूरला आषाढीला हवं, डावा-उजवा कालवा आहे, सीनेचा बोगदा आहे. २०२१ मध्ये इंदापूरला पाच टीएमसी देण्याच्या निर्णयावरून सोलापूर जिल्हा पेटला होता आणि सरकारला निर्णय मागं घ्यावा लागला. आमचं आमच्यात भागत नाही, तिथं पाखराचा वाटा कोण मागणार?

भाची : पाखरांसाठी पाणी सोडा असं मी कधीच म्हटलेलं नाही. तुमचं आवर्तन सुटणारच आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरणारच आहे. त्या ओसरण्यात पाखरांचं भागतं. मी एवढंच म्हणते, कालवा सल्लागार समितीची बैठक बसते तेव्हा कारखानदार, आमदार, अधिकारी सगळ्यांचं बोलून होतं. त्या टेबलाशी एक खुर्ची मासेमाराची, एक काठावरच्या धरणग्रस्ताची असावी. कधी किती पाणी सोडणार हे आधी कळलं तर मासेमाराला जाळं कुठं लावायचं ते कळेल, तुम्हाला चर कधी खणायचा ते कळेल, मला पाहुण्याला खरं उत्तर देता येईल.

मामा : खुर्ची मिळाली तरी ऐकतील का, हा प्रश्न आहेच. पण ही मागणी बरोबर आहे. आता माझी अट ऐक. बोट काढलीस की पहिल्यांदा पक्षी नाही. पहिल्यांदा गाव. आपण आता कोणत्या गावावर आहोत, इथं वेस कुठं होती, मारुती कुठं होता, बाजार कुठल्या वारी भरायचा. गाव संपलं की मग पाखरं. आणि देऊळ उघडं पडलं तर गाभाऱ्यात चपला नाहीत, शिखरावर चढायचं नाही, वीरगळाला हात लावायचा नाही. तिथं उभं राहून हे बजावायला गावचाच माणूस, आणि त्याला त्याचा मेहनताना.

भाची : मान्य. पण मग तुम्हाला बोलावं लागेल. मला वेस माहीत नाही, मारुती माहीत नाही. तुमच्या वयाची माणसं आहेत तोवर नकाशा काढून घेऊ. गावोगावी बसू, घरोघरची जागा लिहू. आणि नुसतं दुःख लिहायचं नाही. पोहायला कुठं शिकलात, जत्रेत कुस्त्या कुठं व्हायच्या, नदीत मासे कसे धरायचे, तेही सांगायचं. धरणाच्या आधीही माणसं नदीवर मजा करतच होती ना?

मामा : करत होती. आम्ही डोहात उड्या टाकायचो, वाळूत कबड्डी खेळायचो. गंमत करायला माझा विरोध कधीच नव्हता. कोणाच्या जागेवर गंमत चाललीय, हे विसरण्याला आहे.

या दोघांत मी कोणाच्या बाजूचा, असं कोणी विचारलं तर मी भाचीच्या धंद्याच्या बाजूचा आणि मामांच्या अटीच्या बाजूचा आहे. उजनीवर माणसं येणार. मोठ्या शहरापासून दोन तासांवर एवढं पाणी, एवढे पक्षी आणि एवढे मासे असल्यावर ती येणारच, आणि यावीत. प्रश्न पैसा कोणाच्या हातात जाणार आणि गोष्ट कोण सांगणार, एवढाच उरतो. बाहेरच्या भांडवलाची रिसॉर्टं काठ अडवून बसली आणि धरणग्रस्तांची मुलं तिथं ताटं उचलायला लागली, तर १९८० मध्ये जे एकदा झालं तेच पुन्हा होईल: जागा यांची, फायदा दुसऱ्याचा. तीच मुलं बोटीचे मालक, वाटाडे आणि आपल्या बुडालेल्या गावाचे सांगणारे झाली, तर या पाण्याचं देणं थोडंतरी फिटेल.

पाण्याच्या पातळीवरचा त्यांचा वाद मिटलेला नाही आणि तो मिटणारही नाही. भरलेली उजनी शेताची आणि शहराची, ओसरलेली उजनी पाखरांची, गाळपेरीची आणि जुन्या देवळाची. दोन्ही खऱ्या आहेत. मिटू शकतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. गावच्या बोटीला पर्यटकाच्या बोटीइतकीच सुरक्षितता देणं, पुण्याच्या सांडपाण्यावर पुण्यातच प्रक्रिया करणं, वडाप थांबवणं, पाणीवाटपाच्या बैठकीत मासेमाराला आणि धरणग्रस्ताला जागा देणं, आणि जाणती माणसं हयात आहेत तोवर बुडालेल्या गावांचे नकाशे लिहून घेणं. यातलं शेवटचं काम सरकारच्या मंजुरीसाठी थांबलेलं नाही. काठावरच्या प्रत्येक शाळेनं या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या गावाचा नकाशा काढायला घ्यावा. मुलं विचारायला बसली की मामांच्या पिढीतली माणसं बोलू लागतील.